सिक्सस्मिथांची धाकटी

ली गावच्या वाचनालयात त्या शनिवारी काउंटरवर नवा माणूस होता. मी नाव सांगितलं, मेव्हिस सिक्सस्मिथ... आणि त्याची लेखणी थांबली.

"सहा लोहार?" तो म्हणाला. "मी एकटाच आहे. लेनर्ड स्मिथ."

माझा कोट पावसाने निथळत होता, तरी मी त्याला समजावलं. सहा कुठले? आमचे पूर्वज विळे घडवायचे. विळा म्हणजे सिकल; सिकलस्मिथ बोलण्यात झिजत झिजत सिक्सस्मिथ झालं.

पुढच्या शनिवारी त्याने चर्चची जुनी दप्तरं उघडून ठेवली होती. मग दर शनिवारी एकेक पूर्वज भेटू लागला. कुणी विळे सोडून विगनच्या खाणीत उतरला, कुणी बोल्टनच्या गिरणीत गेला, एक तर थेट ऑस्ट्रेलियाच्या बोटीत चढला.

"हे सगळं एका दिवसात सांगता आलं असतं," मी एकदा म्हटलं.

"आलं असतं. मग तुम्ही परत आला नसता."

त्यानंतर आम्ही कालव्याकाठी फिरू लागलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

अडचण होती ती बाबांची. माझ्या दोघी बहिणी लग्न करून पिलिंग आणि अन्सवर्थ झाल्या होत्या. गावात आमचं नाव लावणारे आता बाबा आणि मी, दोघंच. हे बाबा जेवताना बोलून दाखवत, आणि मग ताट अर्धवट सोडून उठत. ते मला बघवत नसे.

"मी नाव सोडणार नाही," कालव्याच्या पुलावर मी लेनर्डला सांगितलं. "तू विचारायच्या आधीच सांगते."

"मी विचारणार होतो, हे कोणी सांगितलं?"

"तुझ्या कानांनी. लाल झालेत."

तो हसला. मग म्हणाला, "ठीक आहे. मीच सिक्सस्मिथ होतो."

रविवारी आमच्याकडे जेवताना त्याने हेच बाबांना सांगितलं. बाबांनी सुरी खाली ठेवली. लोक हसतील, म्हणाले. हसू देत, हा म्हणाला. आणि तुझी आई? तिला चार मुलगे आहेत, हा म्हणाला, स्मिथ संपतील अशी धास्ती तिला नाही. बाबा उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा डोळे ओले होते. त्यांनी ॲपल-पायचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

त्याला फाटकापर्यंत सोडायला मी गेले.

"लेनर्ड, तू आमचं नाव लावायला तयार झाला नसतास ना, तरी मी तुझ्याशीच लग्न केलं असतं."

तो थबकला. "मग पुलावर का नाही सांगितलंस?"

"तू काय करतोस, ते बघायचं होतं."

"आणि आता मी माघार घेतली तर?"

"घेऊन बघ," मी म्हटलं, आणि त्याच्या कोटाची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं.