एकविसाव्या दिवसाची काचपट्टी

रक्ताचा जाड थेंब काचेवर आपोआप सुकू द्यायचा. घाईने शेकला की काचेला करपून चिकटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

राळेच्या झाडाला बुंध्याशी ओंजळभर खड्डा करतात आणि त्यात क्षणभर जाळ फिरवतात. मग झाड आठवडाभर पाझरत राहतं.

जंगलात माणसाला नावाने हाक मारायची नाही. नुसतं 'ओय' म्हणायचं.

नव्या गोळ्या पिवळ्या. जेवणानंतर, तीन दिवस.

चौदा महिन्यांत चार वेळा ताप.

हा ताप सारिनचा. ओ क्रवान गावच्या आरोग्य केंद्रात त्याची मोठी बहीण थावी बावीस वर्षं रक्त तपासत होती. पूर्वी गोळी दिली की दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर हिवतापाचे जंतू शोधावे लागायचे. आता तिसऱ्या दिवशीही ते आरामात पसरलेले दिसत, घरच्यासारखे. गोळ्या मरायला लागल्यात, हे तिने सहा वर्षांपूर्वी वर लिहून कळवलं होतं. उत्तर म्हणून नव्या मच्छरदाण्यांचे दोन गठ्ठे आले. त्या दिवसापासून तिच्या पोटात जो राग बसला, तो काही उठला नाही.

मग नोम पेन्हहून डॉक्टर मोनिरोत आले. चाचणीचं औषध, दोन खोके, फल्लीन नावाची नर्स आणि बॅटरीवर चालणारा एक भोंगा घेऊन आले. या गोळीत तीन औषधं आहेत, त्यांनी गावाला सांगितलं. जंतू एकातून निसटला तर दुसऱ्यात सापडेल, दुसऱ्यातून निसटला तर तिसऱ्यात.

"आणि तिन्हीतून निसटला तर?" म्हाताऱ्या ल्योनने विचारलं. "मग डॉक्टर स्वतः धावणार का मागे? बूट खराब होतील."

लोक हसले. सारिनही हसला. गोळी घ्यायला मात्र तो तयार नव्हता. ज्याच्यावर कुणी प्रयोग करतं ते डुक्कर आपण नाही, असं त्याचं म्हणणं. थावी आठवडाभर त्याच्या मागे लागली. पाचव्यांदा ताप आला तर डोक्यात जाईल, मग तुला कोण उचलून आणणार, म्हणाली. शेवटी तो यादीत नाव घालून आला. तिच्यासाठी.

पहिल्या काचपट्टीवर जंतू मोजता मोजता तिचा डोळा दुखला. बारा तासांनी निम्मे. दुसऱ्या दिवशी विरळ. तिसऱ्या सकाळी शून्य. थावीने दोनदा पाहिलं, मग बाहेर जाऊन पाण्याच्या रांजणामागे एकटीच रडली. त्या संध्याकाळी सारिन ल्योनबरोबर राळ काढायला जंगलात गेला. झाडं थांबत नाहीत, म्हणाला.

सातव्या दिवशी फेरतपासणीला तो आला नाही.

डॉक्टर वैतागले. एक माणूस गळाला की त्याची सगळी मोजणी फुकट, असं त्यांनी तिला ऐकवलं. मोटरसायकलवर भोंगा बांधला आणि जंगलाच्या कडेला, जिथे गाडीवाट संपते, तिथे तिला घेऊन गेले. ऊन अजून उतरलं नव्हतं.

"नाव घेऊन हाक मारा," डॉक्टर म्हणाले.

"इथे तसं करत नाहीत. नाव ऐकून भलतंच कुणी ओ देतं."

"बोंग थावी, यादीत 'ओय' नावाचं कुणी नाही."

बोंग म्हणजे ताई. तो शब्द त्यांच्या तोंडी तिला जड वाटला. पण सारिन यादीतून गळाला तर पुढच्या तापाला त्याला कोण विचारणार? तिने भोंगा तोंडाला लावला आणि भावाचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. तीनदा. जंगलातून काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या वाडीवर मच्छरदाण्या वाटायला गेली होती. परतली तेव्हा फल्लीन खुशीत होती. तुमचा भाऊ सकाळी सातला बाकावर येऊन बसला होता, बोट पुढे केलं, रक्त दिलं, गेला. डॉक्टरांनी काचपट्टी पाहिली, जंतू शून्य.

थावीला बरं वाटलं आणि रागही आला. घर दोनशे पावलांवर, आणि हा भात खायलाही आला नाही.

चौदाव्या दिवशी ती पॅगोडात वडिलांच्या नावाने अन्नदान करायला गेली होती. सारिन तेव्हाही येऊन गेला. या वेळी काचपट्टी तिने स्वतः भिंगाखाली घेतली.

जंतू मोजायचे ते पांढऱ्या पेशींच्या हिशोबाने. पाचशे पांढऱ्या पेशी डोळ्याखालून जाऊ द्यायच्या, तेवढ्यात जंतू किती दिसले ते लिहायचं. थावीचं बोट मोजणीयंत्राच्या बटणावर होतं. काचपट्टी सरकत राहिली. बटण दाबायची वेळच आली नाही.

एकही पांढरी पेशी नव्हती.

तिने रंग बदलून पाहिला. भिंग पुसलं. पातळ भागात लाल पेशी छान गोल, सारख्या, शेजारी शेजारी. कोंबडीचं रक्त असतं तर तिने पेशींच्या पोटातल्या ठिपक्यावरून पटकन ओळखलं असतं. हे माणसाचं होतं. पण माणसाच्या रक्तात जे परक्याशी लढतं, ते यात अजिबात नव्हतं.

तिने फल्लीनला धरलं. हे कुणाचं आहे, बाटलीतलं का, नोम पेन्हहून आणलं का, संख्या भरायला आणखी काय काय करता? फल्लीन रडायला लागली. ती शपथेवर सांगत होती की तोच होता, निळा सदरा होता, हाक मारली तर "हजर" म्हणाला.

डॉक्टर शांत होते. रंग बिघडला असेल, म्हणाले. आपल्याला जंतू हवेत, ते शून्य आहेत. तुम्हाला आणखी काय हवंय?

सोळाव्या दिवशी ल्योन परतला. तो थेट तिच्या जिन्याखाली येऊन उभा राहिला आणि चौकड्यांच्या पंच्यातलं गाठोडं त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं.

"पाचव्या दिवशी गेला," तो म्हणाला. "ताप नव्हता गं. झाडाशी वाकला, बसला, आणि आडवा झाला. इतक्या लांबून आणता आलं नसतं, तिथेच जाळला. जेवढं मिळालं तेवढं आणलंय."

गाठोडं हलकं होतं. वरची गाठ सारिन मारायचा तशी नव्हती.

थावी ते घेऊन तशीच केंद्रात गेली. तिने गाठोडं डॉक्टरांच्या कागदांवर ठेवलं आणि म्हणाली, हा तुमचा रुग्ण. डॉक्टरांनी ते बोटाने हळूच बाजूला सारलं. जंगलात रोज कुणी ना कुणी जळतो, कुणाची हाडं कोण ओळखणार? आमच्याकडे आठव्या आणि चौदाव्या दिवसाची सही आहे. त्यांनी सही दाखवली. सही सारिनचीच होती. तो शाळेत असताना तिनेच त्याला शिकवलेली.

एकविसाव्या दिवशी ती पहाटेपासून टेबलामागे बसली.

सात वाजता बाक रिकामा होता. सात वाजून दोन मिनिटांनी रिकामा नव्हता.

फल्लीनने यादीतून नाव वाचलं.

"हजर."

निळा सदरा. रबरी चपला. रात्रभराच्या पावसाने अंगण चिखलात होतं, चपलांना चिखल नव्हता. तो टेबलाशी आला आणि डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट पुढे केलं, जसं हवं तसं.

राळ काढणाऱ्याची नखं काळी असतात, मरेपर्यंत निघत नाहीत.

ही गुलाबी होती.

तिने हात धरला. थंड नव्हता, गरम नव्हता. टेबलाइतकाच होता.

"आईला आपण काय म्हणायचो?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं हसला.

तिने सुई उचलली. थेंब आधीच बोटावर आला होता.

"बोंग," तो म्हणाला, "पुढची तारीख कधी?"

तिने काचपट्टी टेबलाच्या कडेवर आपटून फोडली. डॉक्टरांनी दुसरी पट्टी काढली, स्वतः थेंब घेतला, खूण केली. तो सही करून उठला. दारातून बाहेर पडला तेव्हा कुत्र्यांनी मान वर केली नाही.

थावी ओरडत होती. काय ओरडत होती ते फल्लीनला नंतर सांगता आलं नाही. डॉक्टरांनी तिचं ओरडणं संपू दिलं, मग म्हणाले की त्यांना तिचा राग समजतो. पण औषध चालतंय. शेकडो लोकांचा प्रश्न आहे. आणि तुमची हाक मारायची पद्धत फारच चांगली निघाली, अजून अकराजण जंगलात गेलेत.

तिने भोंग्याला हात लावला नाही.

दहा वाजता डॉक्टर स्वतः गाडीवाटेने गेले. थावी पायरीवर बसून राहिली. लांबून नावं येत होती, पूर्ण, बापाच्या नावांसकट, प्रत्येक नाव तीनदा. दुपारपर्यंत बाकावर चारजण बसले होते. सगळ्यांनी डावा हात पुढे केला होता.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या गोळ्या गिळताना, सारिन म्हणाला होता की छातीत कसंतरी होतंय. तक्रार लिहिली की माणसाला चाचणीतून काढून पुढच्या तापाला जुन्या गोळ्यांवर टाकत, म्हणून थावीने तक्रारीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : काही नाही.