बारा जोड चपला

"माझी बहीण बोटीवर नाही."

थोरली हे म्हणाली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. एका हातानं दोर घट्ट धरून ती पुढच्या जाळीपाशी उभी होती. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

जाळीवर दोघं बसली होती. एक दातांचे डॉक्टर, वय साठ, सकाळपासून उलट्यांनी बेजार. शेजारी त्यांची बहीण. ती खासगी गुप्तहेर होती. डॉक्टर तिला चेष्टेनं हेरबाई म्हणत, आणि हळूहळू तिचे अशीलही तेच म्हणू लागले होते.

"नीट पाहिलंत?" हेरबाईंनी विचारलं.

"खाली दोन्ही बाजूंच्या खोल्या पाहिल्या. संडास पाहिला. छतावर पाहिलं. ती कुठंच नाही हो."

कॅटमरानवर हरवायला जागाच नसते. दोन अरुंद पोटं, त्यांवर एक रुंद ओटा, पुढे बसायला ताणून बांधलेली जाळी आणि एक शीड. बारा प्रवासी आणि तीन कामाची माणसं, एवढाच संसार. त्यातली सव्वीस वर्षांची मुलगी नाहीशी झाली होती, आणि चारी दिशांना नुसतं पाणी होतं.

डॉक्टरांनी मांडीवरची बादली बाजूला ठेवली. 

कप्तानानं बोट तिथल्या तिथे वळवली. किनाऱ्याला वायरलेस केला. मदतीची बोट यायला दोन तास लागणार होते, आणि सूर्य मावळायलाही साधारण तेवढेच. सहलीला आलेले एका शाळेचे सात शिक्षक दोन्ही कठड्यांना रांगेनं उभे राहिले आणि पाण्याकडे डोळे फाडून बघू लागले.  एखादी लाट जरा काळी दिसली की सगळ्यांचे श्वास अडकत.

"शेवटचं कधी पाहिलंत तिला?" हेरबाई म्हणाल्या.

"दुपारी बेटावर, जेवताना. ती सकाळपासून पेंगतच होती. बोट लागू नये म्हणून ह्यानं तिला गोळी दिली होती. मग माझंच डोकं इतकं चढलं की बोट परत निघायच्या आधीच मी खाली जाऊन पडले, ती आत्ता उठले." थोरलीचा आवाज फाटला. "मी झोपले हो. मी झोपून राहिले."

ह्यानं म्हणजे तिच्या नवऱ्यानं. तो कारखान्यात इंजिनिअर होता. धाकटी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती.

"तिला कसली काळजी होती का?"

"परवा तिची साक्ष आहे. आमच्याकडे बॉयलर फुटला ना, दोन माणसं गेली. जादा वाफ बाहेर सोडणारी सुरक्षा झडप तारेनं बांधून ठेवलेली तिनं आदल्या दिवशी पाहिली होती. कोणी बांधली ते चौकशीत सांगणार म्हणाली. आम्हांलाही सांगेना. तिचं मन जरा हलकं व्हावं म्हणून तर ह्यानं ही सहल काढली."

हेरबाई उठल्या. "दादा, चला."

"मी? मला उभं राहता येत नाही."

"मग धरून धरून चला."

इंजिनिअर सुकाणूपाशी कप्तानाच्या शेजारी उभा होता. उंच, नीटनेटका माणूस. एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी घासत होता. पोटरीवर लाल वळ उठले होते.

"बेटावरून परतताना प्रवाळापाशी थांबलो, तेव्हा ती माझ्या शेजारीच पोहत होती," तो म्हणाला. "माझ्या आधी शिडी चढली. खाली जाऊन पडते म्हणाली. नंतर बाहेर आली असेल, कठड्यावरून ओकायला वाकली असेल. म्हणजे प्रवाळ सोडल्यानंतरच. ह्याच वाटेवर असणार ती. कप्तान, ही वाट पुन्हापुन्हा शोधा, इकडंतिकडं जाऊ नका."

"पायाला काय झालं?"

"जेलीफिश. तिथं प्रवाळापाशीच लागला."

प्रवाळापाशी हेरबाई स्वतः पोहल्या होत्या. पण मास्क लावून, तोंडात नळी धरून, पाण्यात डोकं घातलेल्या माणसांत कोण कोण आहे हे त्यांनाही सांगता आलं नसतं. डॉक्टर पोहले नव्हते. ते तासभर मांडीवर बादली घेऊन बसले होते. त्यांना दाढेच्या मुळाशी काय चाललंय ते दिसे, समोर काय चाललंय ते क्वचितच.

पाणबुड्या शिडीपाशी उभा होता. लोकांना पाण्यात उतरवणं आणि मोजून परत घेणं हे त्याचं काम. तिशीचा, दणकट गडी.

"माणसं कशी मोजता?"

त्यानं स्वयंपाकघराच्या दाराशेजारची फळी दाखवली. सावलीत बारा खिळे, बारा खिळ्यांवर जाड सुती दोरीत ओवलेले बारा नंबरी बिल्ले. "पाण्यात उतरणाऱ्याच्या मनगटाला मी स्वतः बिल्ला बांधतो. त्याशिवाय शिडी उतरू देत नाही. वर आला की बिल्ला खिळ्यावर. प्रवाळ सोडताना फळी भरलेली होती, बाई."

"कोण उतरलं, कोण नाही, आठवतं?"

"हात पुढं येतो, मी बांधतो. चेहऱ्यावर मास्क असतो."

"धाकटीचा नंबर?"

"नऊ."

हेरबाईंनी एकेक दोरी चिमटीत धरून दाबली. मग डॉक्टरांना दाबायला लावली.

"ओली," डॉक्टर म्हणाले. "ओली. ही कोरडी, ही माझीच. ही पण कोरडी."

"ती थोरलीची. आणि नऊ?"

"कोरडी." डॉक्टरांनी बोटं पुसली. "बरं मग?"

 हेरबाई मागच्या बाजूला गेल्या. तिथे चढायच्या फळीजवळ पाण्याचं घमेलं होतं आणि शेजारी वेताची मोठी टोपली. बोटीवर सगळे अनवाणी. बेटावरून परतताना चपलांसकट घमेल्यात उभं राहायचं, वाळू धुवायची, मग चपला टोपलीत टाकायच्या, असा इथला नियम होता. टोपलीत बारा जोड होते. हेरबाईंनी एकेक उलटा केला. निळ्या पट्ट्यांचा एक जोड झटकताच ओट्यावर पांढरी वाळू सांडली.

मागून आलेल्या थोरलीनं तो पाहिला आणि तोंडावर हात धरला. "तिच्याच आहेत."

"बेटावरून निघताना कितीजण मोजलेस?" हेरबाईंनी पाणबुड्याला विचारलं.

"बारा."

"खरं सांग. डोकी मोजलीस की चपला?"

 तो मान खाली घालून म्हणाला, "चपला. रोजचं काम आहे, बाई. माणसं हलतात, चपला हलत नाहीत. अनवाणी कोणी बेटावर उतरतच नाही, शिंपले कापतात."

डॉक्टरांना वाटलं, हिनं आता तरी काही बोलायला हवं. समोर प्रवाळाची फिकट हिरवी पट्टी दिसायला लागली होती. घड्याळात साडेचार वाजले होते.

स्वयंपाकघरात आचारी ओट्याला टेकून डोळे पुसत होता. "माझ्या मुलीच्या वयाची होती हो," तो म्हणाला.

"आहे म्हणा," हेरबाई म्हणाल्या. "इंजिनिअरसाहेबांच्या पायाला औषध तुम्ही दिलंत?"

"व्हिनेगर दिलं. ताटल्या धूत होतो, तेव्हा मागायला आले."

"ताटल्या कुठे धूत होतात?"

"बेटावर, अजून कुठे? बोट हलायच्या आधी धुऊन ठेवतो. नंतर हिंदकळते."

हेरबाई क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. डॉक्टरांनी आपल्या बहिणीला इतकं घाबरलेलं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"दादा, चुकले तर?" त्या हळूच म्हणाल्या. "ती खरंच ह्या वाटेवर तरंगत असेल आणि मी बोट दुसरीकडे नेली, तर तिला मीच मारलं असं होईल."

 "तू दोऱ्या दाबल्यास ना," डॉक्टर म्हणाले. "दोरी कोरडी होती, एवढं तर माझ्याही बोटांना कळलं."

हेरबाई तडक सुकाणूपाशी गेल्या.

"कप्तान, बेटाच्या मागच्या बाजूला घ्या. पूर्ण वेगानं."

"वेड लागलंय का ह्यांना?" इंजिनिअर ओरडला. "ती इथं बुडतेय आणि—"

"एकच फेरी जमेल," कप्तान म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तिकडं गेलो आणि नसली, तर परत येऊन शोधेतो अंधार. मला कारण द्या."

"वळवा. वळवता वळवता देते."

कप्तानानं एकदा थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं मान हलवली. चाक फिरलं आणि शीड फडफडलं.

"हे म्हणतात, ती प्रवाळापाशी ह्यांच्या शेजारी पोहली," हेरबाई सांगू लागल्या. "पण बिल्ला बांधल्याशिवाय पाणबुड्या कोणाला उतरू देत नाही. पोहलेल्या प्रत्येकाची दोरी ओली आहे. तिची कोरडी. ती पाण्यात उतरलीच नाही."

"मग ती बोटीवर बसली असेल," इंजिनिअर म्हणाला. "माझा गोंधळ झाला असेल."

"तसं असतं तर तुम्ही पहिल्यांदाच तसं सांगितलं असतं. पण तेव्हा बोटीवर कप्तान होते, आचारी होते, माझा भाऊ होता. कोणीही म्हणालं असतं, आम्हांला नाही दिसली. पाण्यात मात्र सगळ्यांची तोंडं खाली. तिथं तुम्हांला खोटं पाडणारं कोणी नव्हतं."

"पण बेटावरून बाराजण चढले की," डॉक्टर म्हणाले.

"बारा जोड चढले, दादा. चपला घालून जो चढला त्यानं घमेल्यात वाळू धुतली. तिच्या चपलांत वाळू तशीच आहे. त्या पायात नव्हत्या आल्या. कोणाच्या तरी पिशवीतून आल्या आणि गुपचूप टोपलीत पडल्या. दुसऱ्याच्या चपला घमेल्यात धूत बसलं तर पाणबुड्यानं पाहिलं असतं."



"म्हणजे ती बेटावर आहे," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला. "मग ठीक आहे ना? झाडं आहेत, वाळू आहे—"

 हेरबाई कप्तानाकडे वळल्या. "सकाळी तुम्ही कुठं जाऊ नका म्हणाला होतात?"

"बेटाच्या मागं," कप्तान म्हणाला. "तिथं एक अरुंद खाडी आहे, कंबरभर पाण्याची. जेलीफिशनं भरलेली. आजूबाजूला फक्त तिथंच असतात ते, प्रवाळापाशी कधीच नाही. आणि खाडीपलीकडं वाळूचा दांडा. ओहोटीला उघडा पडतो. सहा वाजता त्यावर..." तो थांबला.

"किती?"

"पुरुषभर पाणी."

एक शिक्षिका हुंदका देऊन रडली. इंजिनिअर अजून पोटरी घासत होता. सगळ्यांची नजर तिकडे गेली, तसा त्याचा पाय थांबला.

"व्हिनेगर तुम्ही बेटावरच मागितलंत," हेरबाई म्हणाल्या. "प्रवाळापाशी बोट अजून थांबायची होती. तुम्ही त्या खाडीतून गेला होतात. झोपेच्या गोळीनं पेंगणाऱ्या मुलीला घेऊन गेलात, आणि एकटे परत आलात. ती झडप तारेनं कोणी बांधली ते आता मी विचारत नाही."

थोरली नवऱ्याकडे बघत राहिली. ती ओरडली नाही. "तू दिलेली ती गोळी कसली होती?" तिनं विचारलं.

तो खाली बसला. "मी तिला हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला. "फक्त सोडून आलो. मला वाटलं, झोपेत तिला कळणार नाही."

त्यानंतरचा अर्धा तास डॉक्टर आयुष्यात विसरणार नव्हते. बोट लाटांवर आपटत होती, अंगावर पाणी येत होतं, आणि त्यांना एकदाही उलटी झाली नाही. थोरली जाळीच्या टोकाला गुडघ्यांवर बसली होती. पाणबुड्यानं फुगीर जाकीट घालून कमरेला दोर बांधून घेतला. दोन शिक्षक इंजिनिअरच्या अगदी जवळ उभे होते, पण तो हललाही नाही.

बेटाला वळसा घालून बोट मागे आली. दांडा कुठेच नव्हता. सपाट, चकाकणारं पाणी होतं फक्त.



"तिकडं," आचारी म्हणाला.

पाण्यातून एक डोकं आणि दोन खांदे वर दिसत होते. धाकटी उभी होती. लाट आली की तिची हनुवटी बुडत होती, लाट गेली की ती पुन्हा तिथेच उभी. बेटाचा किनारा तिच्यापासून सत्तर पावलांवर होता, पण ती एक पाऊलही सरकली नव्हती.

पाणबुड्यानं उडी मारली. तिला वर ओढून घेतलं तेव्हा तिचे दात वाजत होते, आणि पायांवर लाल वळ होते, इंजिनिअरच्या पोटरीवर होते तसेच. थोरलीनं तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं.

"चालत बेटावर का नाही गेलीस गं?" डॉक्टर न राहवून म्हणाले. "पाणी कंबरेएवढंच होतं ना आधी."

धाकटीनं जड पापण्या उचलल्या. "भावजी म्हणाले होते, तुला गरगरतंय, खाडीत पडशील, इथून हलू नकोस. मी बोट घेऊन येतो." ती थोडं थांबून दम घेऊ लागली. मग बहिणीचा हात धरून म्हणाली, "ताई, त्यांना रागवू नकोस हं. मला माहीत होतं ते येणार. नुसता उशीर झाला त्यांना."

इंजिनिअरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बहिणीचे ओले केस तिच्या कपाळावरून मागे सारत ती म्हणाली, "हो. झोप आता. मी जागी आहे."