खिशातला फ्यूज

देवमन वायरमनची एक खोड साऱ्या बडनेऱ्याला ठाऊक होती. कुणाकडे साधा होल्डर बदलायचा असला, तरी गडी आधी बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज उपसायचा, शर्टाच्या डाव्या खिशात टाकायचा आणि वरून बटन लावायचा. मागाहून घरातलं कुणी 'अंधार कावून झाला' म्हणत फ्यूज बसवायला गेलंच, तर बसवायला फ्यूजच नको! लोक हसायचे. हसोत बापडे.

ही रीत त्याला थोरल्या भावानं, पुंजाजीनं शिकवली. पुंजाजी तर त्याच्याही वरताण. उपसलेला फ्यूज दुसऱ्यांत मिसळू नये म्हणून त्याला आईच्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधायचा. आणि तोच पुंजाजी पंचावन्नच्या मार्चात, रेल्वे फाटकापलीकडच्या एका घरी, ओसरीवरच्या दिव्याला रंग देताना शॉक लागून गेला. लोक धावले तेव्हा बोर्डात बिनचिंधीचा फ्यूज होता आणि पुंजाजीचा खिसा रिकामा.

"दुसऱ्याले शिकवे अन् सोता इसरला," लोक मयतीतच बोलले. आई, भागीरथाबाई, त्या दिवसापासून ना रडली, ना तिनं पोराचं नाव काढलं. देवमनला मात्र ते कधी पटलं नाही. दादा विसरेल? छट्! पण दाखवायला हातात काय होतं? सात वर्षं ही गोष्ट त्याला खात होती.

म्हणून बासष्टच्या मार्चात त्याच घरून निरोप आला, तेव्हा त्यानं ताटातलं जेवण अर्धं टाकलं. घरात नव्यानं राहायला आलेल्या इंदूबाई शाळेत मास्तरीण होत्या.

"जयभीम. ह्या दिव्याची शेड गंजली. रंग द्या, होल्डर बदला," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "अन् तो आपोआप लागते. बटन बंद असलं तरी."

"रोज?"

"नाई. परवा भिंतीले चुना द्याले शिडी लावली, तवा लागला. शिडी काढली अन् इझला."

देवमनचं डोकं लगेच चालू लागलं. बटन भलत्याच तारेवर असेल, भिंतीत ओल असेल, काहीतरी असेलच. त्यानं फ्यूज उपसला, तसा घरातला रेडिओ गप्प झाला. चालू घरातला फ्यूज हाताला कोमट लागतो, तसा लागला. खिशात टाकून त्यानं खिशाचं बटन लावलं. घरातला रेडिओ गप्प झाला. टेस्टिंगचा दिवा त्यानं तारांना लावून पाहिला. पेटला नाही. मग कोरडं पोतं अंथरून त्यावर शिडी ठेवली आणि तो चढला.

वरचा पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटला. खाली हिरवा निघाला. हिरव्याखाली, शेडच्या काठावर, खिळ्यानं कोरलेलं होतं: पुं. १२-३-५५.

काम हाती घेतलं की पुंजाजी आधी तारीख कोरायचा. देवमननं त्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

तेवढ्यात बल्बातली तार लाल झाली. चुलीतला निखारा फुंकल्यावर होतो तशी.

बाहेर दुपारचे तीन वाजत होते. ऊन रणरणत होतं. खाली इंदूबाई म्हणाल्या, "पाहा, लागला."

देवमननं टेस्टिंगचा दिवा पुन्हा तारांना लावला. तो विझलेलाच. करंट नव्हता, आणि बल्ब पिवळा होत चालला होता. अरे, हे आहे तरी काय! भीती वाटण्याआधी त्याला नवल वाटलं. नीट पाहावं म्हणून त्यानं आधाराला लोखंडी ब्रॅकेटकडे हात नेला.

डावा खिसा एकदम जड झाला.

इतका जड, की शर्टाची कॉलर मानेत रुतली.

त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला.

त्याच क्षणी ब्रॅकेटवर निळी ठिणगी कडाडली आणि टेस्टिंगच्या दिव्याची काच फुटून खाली सांडली.

तो कसाबसा उतरला आणि त्यानं शिडी भिंतीपासून काढली. इंदूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"फ्यूज काढला होता ना तुमी?"

देवमननं खिशाचं बटन सोडलं. आत दोन फ्यूज होते.

एक मघाचा. तो आता गार पडला होता. त्यानं तो बाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "शिडी म्या काढली. आता तिथं शिडी लावू नका." दुसरा जुना होता, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. त्याला निळी चिंधी बांधली होती.

तो रुमालात गुंडाळून देवमन भर उन्हात घरी गेला. भागीरथाबाई सुपात तूर निवडत होती. त्यानं रुमाल सोडून फ्यूज तिच्या तळहातावर ठेवला.

"आई, दादानं फ्यूज काढला होता."

म्हातारीनं चिंधीवरून बोट फिरवलं. आपल्या लुगड्याचा काठ तिनं ओळखला. "माहा पुंजा... माहा पुंजा नाई रे इसरला," ती म्हणाली आणि सात वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. देवमनही रडला.

मग तिनं डोळे पुसले. फ्यूज या हातातून त्या हातात घेतला, पुन्हा मूठ मिटून पाहिली.

"देवमन," ती म्हणाली, "हा आत्ताच काढला काय रे कोनी? कोमट लागून राह्यला."