दोन बस बदलून

तो दहा मिनिटं एकच कप पुसत होता.

"पुसायला दिलाय, झिजवायला नाही," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. गेल्या आठ महिन्यांत परक्या माणसाशी ती एवढं बोलली नव्हती.

नैराश्याने तिला अंथरुणाला खिळवलं होतं. शिवणकाम सुटलं, केस विंचरणंही सुटलं. शेवटी आईने हाताला धरून तिला मनोरुग्णालयाच्या या कार्यशाळेत आणून बसवलं. इथल्या थेरपिस्टताई रुग्णांना साध्यासुध्या कामांतून पुन्हा उभं करायच्या. आजचं काम – दोघांनी मिळून आठ जणांचा चहा.

"मी सुतार," तो मान खाली घालून म्हणाला. "घासायला लागलो की हात थांबत नाही."

"मग साखर मीच घालते. नाहीतर तीही घासत बसाल!"

तो हसला… जरासाच. चहा पाणचट झाला, पण सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला.

मग रोज काहीतरी. आधी तिने एक बटण लावलं, महिन्याभराने उशीचा अभ्रा शिवला. शेजारी तो स्टूल घासत बसायचा.

"टाका वाकडा गेलाय."

"तुझ्या स्टुलाचा पाय बघ आधी!"

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

आणि एका सोमवारी त्याची जागा रिकामी. त्याला पूर्वी ऐकू यायचे, ते कानातले आवाज परतले होते. त्याला वॉर्डात ठेवलं होतं. तिला वाटलं, घरी जावं, डोक्यावरून पांघरूण ओढावं. ताईंनी कापड पुढे केलं. ती रडत रडत शिवत राहिली.

तीन आठवड्यांनी तो आला – सुकलेला, गोळ्यांनी हात थरथरणारा.

"माझ्यात गुंतू नकोस. हे पुन्हा होईल."

"माझंही होईल." तिने सुईत दोरा ओवला. "उद्यापासून टेलरकाकांच्या दुकानात अर्धा दिवस कामाला जातेय. चारला सुटते… येशील?"

गर्दीत सगळे आपल्याबद्दलच बोलताहेत, असं त्याला वाटायचं. "दोन बस बदलाव्या लागतात गं…"

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेचार झाले. आभाळ काळवंडलं. काकांनी दिवा लावला. ती पुन्हा दारापर्यंत जाऊन आली.

पाचला तो दारात उभा – घामाने निथळत, चेहरा पांढराफटक.

"दुसऱ्या बसमधून मधेच उतरलो. उरलेलं चालत आलो." त्याने श्वास घेतला. "मला तू आवडतेस. हे कुणी कानात सांगितलेलं नाही. माझं मी म्हणतोय."

तिचे डोळे भरून आले.

"हळू म्हण ना…" ती पुटपुटली. "काकांनी मशीन थांबवलंय."