ओट्याखालच्या दोन नळ्या

जिन्याच्या वळणावर, मांडीवर भलेमोठे खोके घेऊन, एक तरुण बसला होता. इमारतीची लिफ्ट अद्याप सुरू व्हायची होती, आणि चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासणारी ती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून लगबगीने घरी परतत होती. वाट अडलेली पाहून तिच्या कपाळावर सूक्ष्म आठी उमटली.

"जरा सरकता का?"

"दम खाऊ द्या हो," तो म्हणाला. "पाण्याचं मशीन आहे. कुणाला तरी अगदी वरच्या मजल्यावर राहायची हौस आलीय."

"ती हौस माझीच आहे."

त्याने वर पाहिले. त्या दृष्टिभेटीचे वर्णन करण्यास शब्द अपुरे आहेत. एवढेच सांगतो की दम खाऊन झाल्यावरही तो उठायला विसरला, आणि भिंतीकडून जाण्यापुरती जागा असूनही ती पुढे गेली नाही... शेवटी खोक्याची एक बाजू तिने धरली, दुसरी त्याने, आणि उरलेला जिना दोघे तिरके तिरके चढले.

घरात बाबा वाट पाहत होते. बाबांनी उभे आयुष्य बस चालवली. लांबच्या फेरीत मध्येच गाडी थांबवावी लागू नये म्हणून पाणी बेतानेच प्यायचे, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती, आणि त्यातूनच मूतखड्याचा विकार जडला होता. डॉक्टरांनी भरपूर पाणी पिण्याची ताकीद दिली होती. परंतु या नव्या घराच्या नळाला बोअरचे खारट पाणी! बाबा एक घोट घेत, तोंड वाकडे करीत आणि पेला बाजूला ठेवीत. जारवाला एवढे जिने चढायला तयार नव्हता. मागल्या आठवड्यात बाबांना पुन्हा कळ आली, तेव्हा परगावी राहणाऱ्या दादाने फोनवर निक्षून सांगितले की तो गाडी घेऊन येईल आणि बाबांना कायमचे आपल्याकडे नेईल. तिने फार विनवले. मग तो इतकेच कबूल झाला, की आपल्या डोळ्यांदेखत बाबा पोटभर पाणी प्याले तर नेणार नाही.

दादा आज संध्याकाळी यायचा होता. बाबांची बॅग दाराशी भरून तयार होती. बाबांना जायचे नव्हते आणि तिला त्यांच्यावाचून राहायचे नव्हते. पण दोघांपैकी कोणीही तसे बोलून दाखवले नव्हते.

तरुणाने प्रथम नळाच्या पाण्यात क्षार मोजणारे मीटर बुडवले आणि आकडा पाहून बाबांची बाजू घेतली. काकांची तक्रार रास्त आहे, असले पाणी आपणही प्यालो नसतो, असे तो म्हणाला. बाबा खूश झाले आणि तेव्हापासून त्याला 'इंजिनियर' म्हणू लागले.

ओट्याखालच्या अंधारात त्याने मशीन बसवले, शेजारी टाकी ठेवली. ती मोबाईलची बत्ती धरून बाजूला बसली होती. मशीनमधून दोन सारख्याच पांढऱ्या नळ्या निघत होत्या. एकीतून गोडे पाणी टाकीत जायचे, दुसरीतून वगळलेले खारे पाणी मोरीत. ओळख राहावी म्हणून खाऱ्या नळीला लाल पट्टी गुंडाळायची, ही त्याची नेहमीची रीत. आज मात्र त्याने पट्टी शोधलीच नाही. ती नळी त्याने तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही तुम्ही सांभाळा. ही मोरीची."

बोटांना बोटे लागली. बत्तीचा प्रकाश क्षणभर डळमळला...

थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला, तिने नळी दिली, जोडणी झाली, आणि पंप हलकेच गुणगुणू लागला.

पहिली टाकी भरली की ती चाखायचीसुद्धा नाही, ओतून द्यायची, हे त्याने समजावले. नव्या गाळणीतले रसायन त्यात धुऊन निघते. टाकी आश्चर्य वाटावे इतक्या झरझर भरली. तो शुभशकुन आहे, असे त्याने मानले. ती ओतून दिली आणि दुसरी भरू लागली.

तेवढ्या अवधीत तिने त्याला समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लावले. बारीक अक्षरे त्याने धडाधड वाचली, मग त्याची नजर कॅलेंडरावरून घसरली.

"लांबचं चांगलं दिसतं तुम्हाला," ती म्हणाली. "जवळचं?"

"जवळचंही दिसतं... बोलायला तेवढं जमत नाही."

बाहेरच्या खोलीत बाबा मुद्दाम मोठ्याने खोकले.

इतक्यात दादा आला. गाडीची किल्ली बोटावर फिरवत त्याने आधी बॅगेकडे पाहिले, मग मशीनकडे. मीटर लावण्याआधीच बाबांनी उत्साहाने पेला भरला, तोंडाला लावला, आणि तोंडातले सारे मोरीत थुंकले.

"अरे इंजिनियर, हे नळापेक्षा खारट आहे रे."

 दादाने शांतपणे बॅग उचलली. "चला बाबा. उगाच उशीर नको."

 बाबा चप्पल शोधू लागले, आणि ती सापडतच नसल्यासारखे मुद्दाम चाचपडू लागले.

तरुणाने पेल्यात मीटर बुडवले. आकडा नळाच्या पाण्याहून चढा होता. यंत्रात दोष आहे, उद्या बदलून देतो, असे तो सहज म्हणू शकला असता. तो म्हणाला, "मशीन चांगलं आहे. मी नळ्या उलट्या जोडल्या. खारं पाणी टाकीत भरलं आणि गोडं दुपारपासून मोरीत वाहून गेलं."

"रोजचं काम ना तुमचं?" दादाने विचारले. "मग चुकलं कसं?"

"लक्ष नव्हतं."

"त्यांचं नाही चुकलं," ती मध्येच म्हणाली. "नळी मी धरली होती. मध्येच हात बदलताना ती सुटली, आणि उचलून दुसरीच दिली त्यांना. माझंही लक्ष..."

ती थांबली. खोलीतल्या सर्वांना उरलेले वाक्य ऐकू आले.

दादाने बॅग हातात तशीच धरून एकदा बहिणीकडे आणि एकदा त्या तरुणाकडे पाहिले. बाबा मात्र खुर्चीत ठाण मांडून बसले. "तू उभा राहा नाहीतर बस. इंजिनियरने दुसरी नळी दाखवल्याशिवाय मी हलत नाही."

तरुणाने मोरीतली नळी ओढून घेतली, तिचे टोक कापून टाकले आणि स्वच्छ पेला खाली धरला. सुतासारखी बारीक धार. चौघेही त्या धारेकडे पाहत राहिले.  पेला भरला. त्याने मीटर बुडवले, आकडा पाहिला, आणि त्याचे खांदे सैल पडले.

बाबांनी घोट घेतला. थांबले. मग मान मागे टाकून सगळा पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला. तो संपल्यावर तिसरा.

"हळू हो बाबा, ठसका लागेल," दादा म्हणाला, आणि त्याने बॅग खाली ठेवली. तिने डोळे मिटले. 

तरुणाने नळ्या नीट जोडल्या, टाकी धुतली, आणि या खेपेस पट्टी न विसरता गुंडाळली. ती त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेली. त्याने खाली पाहत सांगितले की पुढची मोफत तपासणी तीन महिन्यांनी असते.

"तीन महिने?" ती म्हणाली. "एवढं थांबायचं?"

"उद्यासुद्धा येईन. पण... ऑफिसात काय काम सांगू?"

"ऑफिसात कशाला सांगता? सुटी घेऊन या."

तो हसला, आणि रिकामे खोके कवटाळून जिना उतरू लागला. घरातून बाबांचा आवाज आला. ते दादाला बजावत होते की आता बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात लाव, आणि त्याआधी मला आणखी एक पेला दे.