केबलच्या टोकाचं टोपण

दाराला लावलेली वीट सरकली आणि दार धाडकन बंद झालं.

“झालं!” सत्यशीला म्हणाली. वाळूजच्या त्या कारखान्याची सुरक्षा तिच्याकडं होती. किल्ली बाहेरच्या कुलपाला राहिली. आतलं बटण चालायचं फायबर केबलच्या लाईनवर, आणि लाईन तासाभरापासून मेलेली. कॅमेरेही त्याच लाईनवर. ते आंधळे झाले तेवढ्यात गोदामातली तांब्याची बंडलं गेली.

बिनखिडकीच्या सर्व्हर खोलीत तिघं अडकले: ती, वॉचमन कचरू आणि लाईनचा तंत्रज्ञ इंद्रजीत. खोलीच्या किल्ल्या कचरू आणि इंद्रजीत या दोघांकडंच असायच्या. रविवार, बाहेर चिटपाखरू नाही. मोबाईलला रेंज नाही. एसी बिघडलेला.

“पोलिसांना सांगा मॅडम, यानंच झाडताना केबल ओढली,” इंद्रजीत म्हणाला. “आतून तुटलीय. नवीनच टाकावी लागंल.”

“झाडू लागला असंल,” कचरू रडकुंडीला आला. “पण तांबं म्या नाय नेलं. पोलीस घरी आले तर माझी बायको भागूबाई बजाजनगरात कसं तोंड दाखवंल?”

“रडू नको बाबा. आधीच लई उकडतंय,” इंद्रजीत वैतागला.

सत्यशीला वाकली. केबलचं टोक रॅकपाशी लोंबत होतं. टोकावर नखाएवढं प्लास्टिकचं टोपण.

“इंद्रजीत, आज हिला हात लावला?”

“नाय. तुमच्यासोबतच तर आलो.”

“कचरू, जोड बरं.”

कचरूनं टोक तसंच भोकात कोंबलं. बसेना. अजून जोर लावला.

“आरं, टोपण काढ आधी!” इंद्रजीत ओरडला.

“त्याला कुठलं माहीत?” सत्यशीला हळू म्हणाली. “झाडूनं ओढलेल्या केबलला टोपण कोण घालतं? आत केसाएवढी काच. धूळ बसली की उजेड अडतो. म्हणून लाईनवाला टोक कधी उघडं सोडत नाही. चोरी करतानाही हाताची सवय सुटली नाही तुमची. माल गेल्यावर गुपचूप परत जोडायची होती ना? पण त्याआधीच मी येऊन पोचले.”

“तुटलीय म्हणलो ना!”

“मग जोडून दाखवा. नाहीतर बसू तिघं इथंच.”

इंद्रजीतनं दाराकडं पाहिलं. घाम पुसला. टोपण काढलं, टोक बसवलं. खट्ट.

रॅकवर हिरवे दिवे लुकलुकले. सत्यशीलानं बटण दाबलं. दार उघडलं, गार वारा आत आला.

कचरूनं वीट उचलून दाराला घट्ट लावली. मग बाजूला सरून अदबीनं म्हणाला,

“चला साहेब. पोलिसांना सांगायचं व्हतं ना?”