दहीभाताचा उतारा

ताट पुढे ठेवलं तशी रंगूबाईंनी ते हळूच भिंतीकडे सरकवलं. "आधी तिला वाढ गो बाय. सकाळधरनं उपाशी हाय ती."

अक्षदेनं तिकडे पाहिलं... चुलीजवळचा तो कोपरा रिकामाच होता. चार महिने सासूबाईंना तिथे कुणी बाई बसलेली दिसत होती. हा अल्झायमर, यात नसलेली माणसंही दिसतात, असं महाडच्या डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं होतं. पण कापडे गावात डॉक्टरचं ऐकतंय कोण! शेजारच्या बनुबाईंच्या सांगण्यावरून अक्षदेनं दर अमावास्येला दहीभाताचा उतारा वेशीवर नेऊन ठेवला. कोण असशील ती अस, पण आमच्या घरातून जा बाई, एवढंच तिचं मागणं.

सासूबाई अक्षदेला ओळखतही नव्हत्या. जिच्या तोंडून मायेचा एक शब्द ऐकायला बावीस वर्षं जीव आसुसला, जिच्यासाठी नवऱ्याला, सुनीलला, मुंबईत एकटं ठेवून ती इथे राहिली, त्या माउलीनं तिला साफ पुसून टाकावं... आता तो शब्द कधीच यायचा नव्हता.

"कोण हाय ती, आई?" आज तिनं प्रथमच विचारलं.

रंगूबाईंचा आवाज खाली आला. "आमच्या सुनीलची बायको. पोटुशी होती, तरी शेतात राब भाजायला कवळाचा, झाडपाल्याचा भारा आणायला मी तिला डोंगरात धाडली. उतरणीला पडली. पोर गेलं गो... आन मी म्हनलं, सोंग करते. तवाधरनं बसलीय बघ. जेवत नाय, बोलत नाय. मला तोंड नाय तिच्याफुडं जायला. तू सांग तिला, म्हातारी चुकली."

घराची वाट, वार, सण, स्वतःचं वय, सारं सारं विरून गेलं होतं, आणि जे उभ्या जन्मात ओठांवर आलं नाही तेवढंच या थकल्या जिवानं जपून ठेवलं होतं! आणि आपण? चार महिने आपण आपल्यालाच घराबाहेर काढत होतो...

ती उठली, त्या कोपऱ्यात गेली आणि पोर गेलं तेव्हा बसायची तशी गुडघे पोटाशी घेऊन बसली.

"आई, मला भूक लागलीय."

रंगूबाईंनी भिंतीकडचं ताट ओढलं. मग ते घेऊन सरपटत जवळ आल्या. त्यांनी घास भरवला, डोळ्यांना धार लागली होती. "जेव गो माझे लेकी."

अक्षदेनं घास घेतला.

"ती मघाची बाय कुठं गेली?" रंगूबाईंनी मान वळवून पाहिलं. "तिला पन बोलव जेवायला. लय करते माझं."

"बोलावते, आई," अक्षदा म्हणाली, आणि तिनं पुन्हा तोंड पुढे केलं.